वाचून टाकून द्यायची ओळ

रात्रीचे दोन दहा. औलू. बाहेर उणे एकवीस.
टेबलावर पत्त्याएवढं हिरवं कार्ड,
त्याच्या कडेला बारीक दिवा,
पाचात एकदा न लागणारा.

हे कार्ड ईयोकी नदीवरच्या पुलाखाली बसणार,
बर्फाची जाडी मोजत.
त्याच्या शब्दावर माणसं स्नोमोबाइल नदीत घालतील,
म्हणून पाचात चार मला पुरत नाही.

कर्नल लॉगमध्ये लिहितो:
इंटरप्ट एकोणीस. कुणीच दखल घेतली नाही.
आणि लाइन तोडतो.
लाखभर हाका झाल्या होत्या तोवर.
प्रत्येक हाकेला माझं फंक्शन दारात आलं,
डोकावलं, म्हणालं, माझ्यासाठी नाही, आत गेलं.
खोटं नाही बोललं.
रजिस्टरमध्ये वाचण्यासारखं काही नव्हतंच,
नुसते एफ, ओळीने,
रविवारच्या शटरांसारखे.

मी प्रत्येक पायरीवर एक ओळ छापायला लावली:
इथवर आले. इथवर आले. इथवर आले.
आणि कार्ड शहाण्यासारखं उठलं.
पन्नासदा बंद केलं, पन्नासदा उठलं.
छापणं काढलं,
सातव्या खेपेला आडवं.
डॉक्टरच्या पायरीवर थांबणारी दाढदुखी असते,
त्यातलं हे.
सिर्क्का-लीसाने डीबगर लावून एकेक पाऊल चालवलं,
तर तिच्याही हाताखाली ठणठणीत.
"तू त्याला घाबरवतेस," ती म्हणाली, आणि कॉफी घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी टार्मो केरानेनला फोन लावला.
कार्ड त्याने आखलेलं, अकरा वर्षांमागे.
आता तो तळ्यावर असतो, बर्फाला भोक पाडून, उलट्या बादलीवर.
फोनमध्ये आधी वारा आला, मग तो.

सांगितलं: रिसेट लिहिते, दहा मायक्रोसेकंद थांबते,
रिसेट काढते. तुमच्या कागदात आहे अगदी तसं.
गप्प.
त्याचं गप्प राहणं म्हणजे ऐकणं, हे मला ठाऊक होतं.
थांबतेस, तो म्हणाला, पण कधीपासून?
लिहिल्यापासून.
लिहिल्यापासून, की पोचल्यापासून?

मग म्हणाला, मी शिसं पाण्यात सोडतो,
सोडलं म्हणजे तळाला गेलं असं धरत नाही.
दोरा सैल पडावा लागतो बोटावर.
आणि फोन ठेवला. बहुतेक काहीतरी ओढत होतं.

वाटेत एक पूल आहे, सिलिकॉनचा.
आळशी नव्हे, हिशेबी.
एका पत्रासाठी तो जागचा हलत नाही.
"झोप" आणि "ऊठ" एकाच पिशवीतून गेली,
एकमेकांच्या टाचेवर,
चिपची पापणी अर्धी मिटलेली असताना.
मधले दहा मायक्रोसेकंद
मी इकडे एकटीच थांबले होते,
कुणाच्याही वतीने नाही.

आणि माझ्या त्या छापील ओळी?
त्यांनी काहीच तपासलं नव्हतं.
त्या फक्त सावकाश होत्या.

इलाज एका ओळीचा.
लिहिलं तिथूनच लगेच परत वाचायचं.
वाचायला निघालेला निरोप्या
आधीच्या पत्रांना पुढे घातल्याशिवाय पोचू शकत नाही.
काय घेऊन आला ते बघायचं नाही,
टाकून द्यायचं.
मग थांबायचं. आता ते थांबणं खरं.

चारशे वेळा बंद-चालू केलं. चारशे वेळा दिवा.
सिर्क्का-लीसा मोजत होती, दोनशे साठनंतर कंटाळली.

ओळीच्या डोक्यावर टीप लिहिली:
ही ओळ निरुपयोगी दिसते. काढू नये.

पॅचच्या तळाशी नावं घालायची असतात.
"कळवलं" असा रकाना आहे, "तपासलं" आहे, "सुचवलं"सुद्धा.
टार्मोने यातलं काहीच केलं नव्हतं.
"विचारलं" असा मी नवा घातला, पुढे त्याचं नाव.
देखरेख करणारा तो उडवील, नियमात बसत नाही म्हणून.

उडवू दे.
पुलाखाली मार्चपर्यंत बर्फ आहे.