वाव

तापीच्या पोटात बांबू घालून
पाणी किती ते सांगायचा उखा.
मुडावदच्या संगमावर, पांझरा गढूळ होऊन येते तिथेसुद्धा
त्याचा बांबू चुकत नसे.
कपाशीच्या गाड्यांमागून एकदा सुरतेला गेला
आणि धक्क्यावर उभ्या, नकाशे काढणाऱ्या जहाजाला
खोली मोजणारा माणूस हवा होता.

बांबू त्यांनी काढून घेतला. दोरी दिली,
टोकाला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला चरबी,
तळाची वाळू चिकटून वर यावी म्हणून.
दोन हात पसरले की एक वाव,
वावागणिक कातड्याची खूण.
उखा ओरडायचा: सात वाव, वाळू.
अकरा वाव, शिंपले.
कारकून वहीत उतरवायचा.

मग दक्षिणेला कुठेतरी
दोरी संपली आणि खाली काहीच लागलं नाही.

बिस्किटांत अळ्या झाल्या, त्या सवयीच्या झाल्या.
दोरीवर बर्फ चढला,
ओढताना तळहाताची साल तिच्यासोबत जायची.
हिरड्या काळ्या पडल्या.
लहानपणी बाजरी कापताना पोटरीला विळा लागला होता,
वीस वर्षं बुजलेली ती जखम
एका सकाळी आपोआप उघडली.
शेजारचा सुतार हसता हसता दात थुंकला,
चौथ्या दिवशी त्याला शिडाच्या कापडात शिवलं,
शेवटचा टाका नाकातून.
कापड जाड, सुती. उखाने त्यावरून हात फिरवला.
कापूस कुठला ते बोटांना कळलं की काय, कोण जाणे.
"आमच्या विहिरीवर लिंबोणीखाली
लिंबं सडत पडली असतील," एवढंच बोलला.

सहा वर्षांनी परतला. दात चार.
आईने भाकरी दुधात कुस्करून दिली,
विचारलं, "उखा, तठे पानी कितलं शे रे?"
"माय, तय नही सापडना."
तिने वाटी पुढे सरकवली.

नकाशा छापला म्हणतात.
निळ्यावर मुंग्यांसारखे आकडे, सात, अकरा, एकोणतीस,
प्रत्येक आधी त्याच्या तोंडातून निघालेला,
दात होते तेव्हा.

मी त्याच्या पणतीची मुलगी.
आमच्याकडे अजून विहिरीत दोर सोडला
की हात पसरून मोजतात
आणि आकडा मोठ्याने सांगतात,
लिहून घेणारं कुणी नसलं तरी.
यंदा वैशाखात चौदा वाव.
खाली गाळ.