हिरडा आणि लोखंड

शुक्रवारी सकाळी दहाला टेम्पो येणार.
आज सोमवार,
आणि नऊ फुटांपैकी चारच फूट जोडून झालेत.

पळसाची फुलं मी मार्चमध्येच आणली होती
उमरेड रोडवरून, स्कूटीच्या डिक्कीत कोंबून.
त्यांचा पिवळा उतरला तेव्हा
गल्लीतल्या बायांना हाका मारून दाखवला.
मग गच्चीवरची एकच दुपार.
शेहेचाळीस अंशांनी तो चाटूनपुसून नेला,
मागे उरलं उपासाच्या भगरीसारखं काहीतरी.
सावलीत वाळवायचं होतं, रज्जाकभाई म्हणाले
मशीनवरून मान न उचलता.
सावली! मे महिन्यात, गोळीबार चौकात!
होती तेवढीत कुत्री झोपली होती.

बोकारे सरांचा फोन:
कॅटलॉगसाठी संकल्पना पाठवा, दीडशे शब्द.
आणि नागपूरच्या आहात,
तर संत्र्याची सालं वापरतच असाल ना?
नाही सर. तो रंग कापड धरत नाही.
हातांना वास तेवढा राहतो.

मंगळवारी रात्री शेवटचा मांजरपाट
हिरड्याच्या पाण्यातून काढला.
दोऱ्या सगळ्या भरलेल्या,
म्हणून तो बाबांच्या लोखंडी खाटेवर पसरला,
ओलाच,
आणि कूलरसमोर बसल्या बसल्या
मला झोप लागली.

सकाळी कापडावर खाट होती.

आडव्या पट्ट्या, उभ्या पट्ट्या,
जिथे त्या एकमेकींवरून जातात
तिथे रिबिटाचा एकेक काळा ठिपका.
आणि मधोमध, जरा उजवीकडे,
जिथे पट्ट्या खाली गेल्यात,
तिथे पाणी साचून राहिलं असणार रात्रभर.
तिथला काळा
मला तीन वर्षांत एकदाही जमला नव्हता.

बाबा उजव्या कुशीवर झोपायचे.
माग भंगारात गेला त्यानंतर
दिवसाही.

दुर्पताबाई हेडाऊ कठड्यापलीकडून बघत होत्या.
तीस वर्षं सुताला पाजणी केलेले हात
कठड्यावर ठेवून.
"काहून रडून राह्यली वं?
हा त पक्का रंग हाय.
लोखंडाचा काळा धुऊन नाई जात."
मी रडत नव्हते, डोळ्यांत घाम गेला होता,
पण ते सांगत बसले नाही.
खाली आले आणि
चार फुटांची सगळी शिवण उसवली.

मग बुधवार कुठे संपला माहीत नाही.
रज्जाकभाईंनी फक्त कड मारून दिली,
पैसे घेतले नाहीत, चहाही नाही.
बाकी सगळा धावदोरा, हातानं.
फिका पडलेला पळस मी पट्ट्यांच्या मधल्या चौकोनांत लावला,
डाळिंबाचा मळका हिरवा कडेला.
मधल्या काळ्याला सुई लावली नाही.
दुर्पताबाई दोरे ओवून देत होत्या,
दोरा संपला की दुसरा त्याला जोडत होत्या
कोष्ट्याच्या गाठीनं,
जी बोटाला लागत नाही
आणि डोळ्याला तर नाहीच.
शिंप्याची गाठ मला मारू दिली नाही.
"फुगते ते."

शुक्रवारी टेम्पोवाला पावणेदहालाच आला
आणि हॉर्नवरचा हात काढेना.
डावीकडचा खालचा कोपरा राहिलाच.
सुई तशीच टोचून गुंडाळलं,
वर जुनी चादर, वर सुतळी.
फॉर्मवर संकल्पनेच्या रकान्यात लिहिलं:
मांजरपाट, हिरडा, खाट.
दुपारी सरांचा मेसेज आला:
खाट हे माध्यम आहे की विषय?
उत्तर उद्या देईन.

आता गच्चीवर अकरा वाजलेत,
अजून भिंती ऊन सोडतायत.
गादी खालीच राहिली, आणायला उठवत नाही.
मी नुसत्या पट्ट्यांवर आडवी झाले,
डाव्या कुशीवर, नेहमीसारखी,
आणि हळूहळू
तो खळगा मला
उजवीकडे ओढून घेतोय.