सत्तावीस कोऱ्या पट्ट्या

अक्षराला आठ आणे.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
भांडे ओळीत बापानं लावलेला हा दर
मी सत्त्याण्णव सालापर्यंत बदलला नव्हता.
लग्नाचे गंज, गुंड, परात, डब्बे,
"मामाकडून सप्रेम", "कै. वच्छलाबाईंच्या स्मरणार्थ",
आणि त्यातच एक दिवस जीपमधून चषक उतरला.

चांदीचा मुलामा. वर खऱ्याएवढं संत्रं, देठासकट.
खाली शिसवी बैठक, तिच्यावर पितळेच्या तीस पट्ट्या.
हिंगण्याच्या पाइप कंपनीचे पेंडसेसाहेब म्हणाले,
"दरवर्षी एक नाव. तीस वर्षांची सोय केली आहे."
मी पट्ट्या मोजल्या.
शेवटच्या पट्टीपर्यंत माझा पोरगा
या पाटावर बसलेला असणार होता.

पहिल्या वर्षी चंडीगडचा कृपाल सोढी.
पाच अक्षरं, अडीच रुपये.
साहेबांनी दहाची नोट दिली, सुटे घेतले नाहीत.

दुसऱ्या वर्षी खेळ एप्रिलवर गेला.
मुंबईच्या कुणाला तरी तीच तारीख पाहिजे होती,
आणि नागपूरचा एप्रिल त्यानं पाहिलेला नव्हता.
मी बघायला गेलो, डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा.
हिरवं फक्त खड्ड्याभोवती, पंगतीतल्या चटणीएवढं.
बाकी आपली काळी माती, टरकलेली.
एकाचा चेंडू दोन टप्पे खाऊन
भेगेत गेला तो गेलाच.
काठी घातली. हात घातला, कोपरापर्यंत.
पंच नियमांचं पुस्तक चाळत उन्हात उभे
आणि एक कॅडी पालथा पडून, भेगेला कान लावून म्हणतो,
"आवाज येऊन रायला ना साहेब,
अजून खालीच चालला थो."
सगळे हसले.
तो हसला नाही. ऐकत होता.

त्या वर्षीचं नाव: एम. व्ही. बसवराजू, म्हैसूर.
पट्टीत मावेना. म्हैसूर गाळलं.

तिसऱ्या वर्षी मोठे कुणी आलेच नाहीत.
मागल्या वर्षीचे पैसे आले नव्हते म्हणे.
कॅडींसाठी ठेवलेल्या दोन जागांतून
तो भेगेला कान लावणारा आत शिरला,
उसन्या काठ्या, एक बूट शिवलेला,
आणि एका फटक्यानं जिंकला.
पेपरात फोटो: हातात चार फुटी पुठ्ठ्याचा चेक, दीड लाखाचा.
खरा चेक दोनदा परत आला.
पुठ्ठ्याचा त्यानं कूलरमागं लावला,
भिंतीत पाणी मुरू नये म्हणून. तो टिकला.

चषक शिपाई टाकून गेला, नाव चिठ्ठीवर.
मी कोरलं. न्यायला कुणी आलं नाही.
चौथं वर्ष आलंच नाही.
कंपनीच्या गेटाला कुलूप, पेंडसेसाहेब पुण्याला,
माझे तीन रुपये बाकी,
संत्रं माळ्यावर, धोतराच्या फडक्यात.

अकरा वर्षांनी एक माणूस डबा घेऊन आला.
पोरगी नर्सिंगला चालली होती, भंडाऱ्याला.
"रोशनी उईके टाका.
दीर्घ ई बरं का. लोक ऱ्हस्वच टाकतात."
माझी छिन्नी थांबली.
शिडी लावली, फडकं सोडलं.

त्यानं संत्र्याकडे पाहिलंही नाही.
अंगठ्यानं तिसरी पट्टी पुसली:
झनक उइके.
मग खालच्या कोऱ्या पट्ट्यांवरून बोट नेलं,
सावकाश, एकही न चुकवता,
आणि म्हणाला, "लय जागा ठेवली होती ना."

तोवर दर अक्षराला पाच रुपये झाला होता.
मी पट्टी पाटाला लावली
आणि इ च्या डोक्यावर
काठीच्या टोकासारखा एक वाकडा आकडा मारला.
पितळ जुनं होतं, किंचित चिरकलं.

"किती झाले?"
डब्याचे सहा अक्षरांचे तीस घेतले.
चषक ने म्हटलं, तर नको म्हणाला,
घर लहान आहे.