अलेफ

परळच्या इस्पितळात कंठ ठेवून आलो,
त्याला दोन महिने झाले.
मानेतल्या भोकावर मलमलीचा रुमाल,
खिशात पाटी.
मिल्का म्हणते, अक्षर सुधारलं तुमचं.

पण आज शब्बाथ. लिहायचं नाही.
पाटी घरी ठेवून
मशीदबंदरच्या सिनेगॉगात येऊन बसलो,
दहा डोकी भरायला मी अजून चालतो.

चाळीस वर्षं मी उभा राहिलो त्या चौथऱ्यावर
बामणोलकरांचा नातू.
तेरा वर्षांचा, आवाज नुकता फुटलेला.
चांदीचा हात ओळीवरून सरकवत
तो डोंगरापाशी येतो:
धूर, विजा, थरथरणारे लोक,
आणि देवाचा पहिला शब्द.
तिथे अडतो.

पहिलं अक्षर अलेफ.
मीच शिकवलं होतं,
अलेफला स्वतःचा आवाज नसतो, पुढे चला.
आणि घाईने बेथ, गिमेल.

नागावचे आजोबा घाण्याशी बसून सांगत,
डोंगराखाली माणसांनी ऐकला
तो फक्त अलेफ. बाकीचं नंतर.
मी हसायचो.
मग ऐकलं काय, कपाळ?

पोरगं माझ्याकडे बघतंय.
सगळेच बघतायत.
माझ्यापाशी फक्त श्वास आहे, तो घेतो.
रुमाल आत ओढला जातो,
थांबतो,
शिडासारखा फुगून बाहेर येतो.

एवढंच.
आजोबा, एवढंच होतं होय?

गुडघ्यांतला कापरा गेलाय.
बाहेर हमाल कुणावर तरी खेकसतोय, बाजूला व्हा.
पोरगं छाती भरून घेतं
आणि न बोलता,
जरा वेळ,
तेच अक्षर वाचतं.