तीन ठोके

हिंगणा रोडवर, दुसऱ्या मजल्यावर
एसी फक्त यंत्रांना.
आम्हाला कूलर, त्याच्या वाळ्याला मागच्या वर्षीचा वास,
आणि बाहेर शेहेचाळीस.

गेल्या मे महिन्यात नर्सिंगचा निकाल होता.
सर्व्हर एकच. दुपारी एक वाजून चार मिनिटांनी तो बसला,
मांडवात रुसलेल्या व्याह्यासारखा,
आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही.
चिमूरहून, कोरचीहून फोन येत राहिले:
"म्याडम, ते गोल गोल फिरूनच राह्यलं."

म्हणून यंदा तीन.
तिघांच्या पुढे वाटणी करणारे दोन:
एक कामावर, एक जागरणाला.
दोघांत मिळून पत्ता एकच,
तो ज्याच्याकडे, तो दारात उभा.
कामावरचा दर सेकंदाला सांगतो, आहे.
आहे.
आहे.
दुसरा ऐकतो. त्याला दुसरं काम नाही.
तीन ठोके चुकले की पत्ता आपल्या अंगावर घ्यायचा
आणि कुणाला कळू द्यायचं नाही.

कुलूप उघडताना लांजेवारभाऊंनी विचारलं,
"यातली मेन कोणती हो?"
जी चालू आहे ती.
"अन् ही?"
वाट पाहते.
"वर्षभर?"
हो.
"पगारी?"

पहिल्याच चाचणीत मधली वायर सैल निघाली.
दोघांनाही वाटलं, दुसरा गेला.
दोघांनी पत्ता घेतला, दोघेही दारात,
इतवारीतल्या त्या दोन भावांसारखे:
समोरासमोर गाळे, दोन्ही पाट्यांवर 'मूळ दुकान',
आणि गिऱ्हाईक मधल्या नालीवर पाय फाकवून उभं.
रात्री साडेअकराला दुसरी वायर ओढली.

मग वहीत लिहायला बसले,
काय काय अजून एकच आहे.
स्विच. दुसरा मागवला.
यूपीएस दोन, पण खोचलेले एकाच बोर्डात. वेगळे केले.
वीज, दोन्हीकडून आली तरी त्याच रोहित्रातून.
त्याला डिझेल.
खोलीची किल्ली, लांजेवारभाऊंच्या करदोट्याला.
त्यांनी सक्करदऱ्याहून दुसरी करून आणली,
चाळीस रुपये, पावती नाही.

शेवटची ओळ लिहायला वेळ लागला.
सगळे पासवर्ड.
आधी काय सुरू करायचं, नंतर काय.
तीन नंबरच्या पंख्याचा खोकला,
कोणता साधा आणि कोणता वाईट.
ओळीपुढे माझंच नाव.
नऊ वर्षं मी ते मिरवलं होतं.
बाळंतपणात लॅपटॉप उशाशी, एका हाताने पाळण्याची दोरी.
तुझ्याशिवाय पान हलत नाही, म्हणायचे लोक.
नकाशात अशा जागेला
आम्ही तांबड्या शाईने गोल करतो.

शरयू भोयर. वय चोवीस.
आठ महिने माझ्या शेजारी बसून ऐकणारी.

निकालाच्या दिवशी साडेबाराला
मी माझा फोन बंद केला, वायर उपटतात तसा,
आणि रस्ता ओलांडून रसवंतीत जाऊन बसले.
एक ग्लास, बिना बर्फ.
चरकाचे घुंगरू वाजत होते.
एक वाजला.
एक वाजून एक.
दोन.
तीन.
चारला छातीत जे हललं
ते रसाबरोबर गिळलं. आलं जास्त होतं.

पावणेदोनला वर गेले.
शरयूने मान वर केली नाही.
दोन नंबर मध्येच दमला होता म्हणे.
मी असते तर तो बंद करून चालू केला असता,
तसंच लिहूनही ठेवलं होतं, अधोरेखित.
तिने त्याला रांगेतून बाजूला घेतलं,
सावलीत बसवलं म्हणा,
उरलेल्या दोघांवर भार टाकला,
आणि निवल्यावर हळूच, थोडा थोडा, परत आणला.
कोरचीचे निकाल उघडत होते.
चिमूरचे. भिवापूरचे.
फोन टेबलावर, मुका.

"तुम्ही होता कुठं?"
इथंच, म्हटलं. जागी.

दारातून लांजेवारभाऊ नुसते हसले.