सहाव्याची वही

अर्जात एक रकाना होता : संघाचे मूळ गाव.
पायगोंडानं लिहिलं, निपाणी.
लीगच्या माणसानं फोन करून विचारलं, म्हणजे महाराष्ट्र ना?
फोन स्पीकरवर होता.
आम्ही सहाही जण पंख्याकडं बघायला लागलो.

वखार भरमाच्या मामाची. खाली तंबाखू, वर आम्ही.
पहिले आठ दिवस नुसत्या शिंका.
सरावाच्या रेकॉर्डिंगमध्ये अजून ऐकू येतात,
निम्मी आज्ञा, मग शिंक, मग शिवी.

छातीवर बोअरवेलवाल्याचं नाव,
पाठीवर वेदगंगा.
पगार नऊ हजार, जेवण वेगळं.
मी सहावा, बदली.
मला खुर्ची होती, मशीन नव्हतं,
म्हणून वही घेतली.

पहिला सामना, तेरा-दोन.
वहीत फक्त मरणं आहेत, आणि कोण काय ओरडलं ते.
शिवलीला : हिंद नोडु!
तौसिफ : पिच्छू देख रे!
नेल्सन : फाटल्यान, फाटल्यान!
भरमा : आरं मागं बघ की!
चौघं एकच सांगत होते
आणि पायगोंडा, ज्याला चारी कळतात,
कुठलं आधी ऐकावं ह्या विचारात
पाठीत गोळी खाऊन पडला.

दुसरा सामना हेस्कॉमनं घेतला.
तिसऱ्याला यूपीएस होता, हात चालले नाहीत.
चौथ्यानंतर शिवलीलाचे वडील चिक्कोडीहून आले,
जिन्यातूनच विचारलं, "गेद्रेन?"
ती म्हणाली, "इल्ल."
ते मान हलवून खाली उतरले
आणि तंबाखूचा भाव विचारत बसले, बराच वेळ.

त्या रात्री मी म्हटलं,
भाषा राहू दे ज्याची त्याला. जागांना आपली नावं देऊ.
नकाशातला तो लांब बोळ : अक्कोळ रोड.
टाकीमागची मोकळी जागा : म्हशीचा बाजार.
वरची खिडकी : आत्तीचं घर,
कारण तिथून कुणीतरी बघत असतंच.
आणि पाठीमागचं दार, जिथं आम्ही सगळे मेलो,
ते नुसतं वखार.

पाचव्या सामन्यात शिवलीला म्हणाली, "वखार, एरडु."
आवाजही चढवला नाही.
पायगोंडा वळला. एक पडला. दुसरा पडला.
समालोचक ओरडत होता, ह्यांना दिसलं कसं, दिसलं कसं?
तौसिफला तेवढ्यात शिंक आली
आणि आम्ही जिंकलोय हे
त्यानं सगळ्यात शेवटी बघितलं.

चौदा सामने, चार विजय. आठ संघांत सातवे.
नेल्सनला कावीळ झाली तेव्हा एक सामना मी खेळलो.
त्याचं वहीत काही नाही.
लिहायला कोण होतं?

मग बेंगळुरूच्या संघानं शिवलीलाला उचललं.
पगार पाचपट, फ्लॅट, फिजिओ.
रात्रीच्या बसला पोचवायला पाचही जण गेलो,
तिची खुर्चीवरची उशी तौसिफच्या काखेत,
ती द्यायचीच राहिली.
पायरीवर चढताना तिनं विचारलं, "नावं बदलणार?"
उत्तर द्यायच्या आत ड्रायव्हरनं गाडी हलवली.

बदलायला तर पाहिजेत. पुढच्या हंगामात
आमच्या वखारीच्या दारात तीच उभी असणार.
आणि नावं बदलणं काय, आमच्याकडं नवीन नाही.
मैलाच्या दगडावर एका नावाखालून दुसरं दिसतं,
रंग कितीही जाड मारा.

भरमा म्हणतो, सगळी खोड.
पायगोंडा म्हणतो, अक्कोळ रोड तरी ठेव.
खाली हमाल पोती मोजतायत,
वंदु, दोन, मूरु, चार,
आणि पोती बरोबर भरतायत.

म्हशीचा बाजार खोडला.
आत्तीचं घर खोडलं.
वखारीपाशी पेन आणलं तेव्हा
तिचा मेसेज आला :
इथं एसी आहे. शिंकच येत नाही.