पावणेतेवीस

चावी उचलताना पाठ वाकवू नकोस, रोहिदास,
गुडघ्यात बस. साडेचार फुटी लोखंड आहे,
कोवळ्या कमरेची त्याला कदर नाही.

असल्फ्याच्या टेकडीखालचं हे झाकण, पहाटेचे तीन चाळीस.
रजिस्टरात लिहिलंय : बावीस फेरे.
मीही बावीसच फिरवायचो, अर्धवट झोपेत,
कारण मी इथला नव्हतोच.
मी घाटकोपर ते साकीनाका भिंती रंगवणारा,
गेरूच्या डब्यात
उद्याचं अख्खं जग ढवळत होतो.
ही नोकरी दोन वर्षांपुरती, असं आईला सांगितलं होतं.
(तू म्हणालास ना परवा, परीक्षेचा निकाल लागेपर्यंतच?
मी हसलो नाही. खोकलो.)

मग त्या भिंतींना कुणीतरी चुना दिला.
मुलगी झाली, आणि कशासाठी जगायचं
ते तिच्या फीच्या पावतीवर छापून येऊ लागलं,
दर तिमाहीला.
त्यात कमीपणा नव्हता. पण ती नाशकात नोकरीला लागली,
पावत्या थांबल्या.
एक वर्ष मी नुसता जेवलो, झोपलो.

तेव्हाच कधीतरी वरून रुक्साना शेख उतरली,
कमरेवर रिकामा हंडा, तोंडात शिवी.
म्हणाली, चावीवाले, तुझं पाणी आमच्या पायरीपर्यंत येतं
आणि लाजऱ्या पाहुण्यासारखं माघारी जातं.
भांडलो. मग तिच्यामागून चढलो, दोनशे चौदा पायऱ्या,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि नळाला कान लावून बसलो.
आत नुसती हवा, म्हाताऱ्याच्या छातीत असते तशी.

दुसऱ्या रात्री बाविसाला थांबलो नाही.
तेवीस नाही, तेविसाला खालची जुनी लाईन फुटते.
पावणेतेवीस.
हे कुठे लिहिलेलं नाही.

याला काय म्हणायचं, मला ठाऊक नाही.
गेरूच्या दिवसांत मीच खदाखदा हसलो असतो :
अख्खं जग मागणारा पोरगा, आणि पाऊण फेऱ्यावर समाधान!
समाधानही नाही रे.
वरच्या चार घरांना अजून पोचत नाही.

उद्यापासून मी घरी. पुन्हा बदलेल काहीतरी, कदाचित.
अठ्ठावन्नाव्या वर्षीही माणूस कुठे वळेल सांगता येत नाही.
तू निकालाची वाट बघ, जरूर बघ.
फक्त तोवर
बाविसाला हात सोडू नकोस.
लोखंड जरा कुरकुरतं.
कुरकुरू दे.